‘निष्काळजी रुग्ण’ हा शब्दप्रयोग काढताना

वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षात मी सामाजिक वैद्यकाला वाहिलेल्या एका विद्यार्थी नियतकालिकाच्या संपादक मंडळात दाखल झाले. मंडळात आम्ही सात जण होतो आणि सगळेच विद्यार्थी होतो. मार्गदर्शक म्हणून एक प्राध्यापिका होत्या, परंतु कोणता लेख स्वीकारायचा आणि कोणता परत पाठवायचा, हा निर्णय त्यांनी पूर्णपणे आमच्यावर सोपवला होता. संपादन म्हणजे भाषा सुधारणे आणि संदर्भसूची एका साच्यात बसवणे, अशी तेव्हा माझी समजूत होती. पहिल्याच अंकासाठी माझ्या वाट्याला आलेल्या एका लेखाने ती समजूत मोडली.

लेख क्षयरोगाचे उपचार अर्धवट सोडणाऱ्या रुग्णांविषयी होता. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. खोकला आणि ताप मात्र पहिल्या काही आठवड्यांतच ओसरतात आणि बरे वाटू लागले की अनेकांचे औषध सुटते. लेखक आमच्यासारखाच विद्यार्थी होता आणि रुग्णांच्या मुलाखती घेऊन त्याने खरोखर कष्टाने माहिती जमवली होती. निष्कर्षात मात्र उपचार सुटण्याची कारणे म्हणून ‘अज्ञान आणि निष्काळजीपणा’ एवढेच दिले होते, आणि रुग्णांचा उल्लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ‘डिफॉल्टर’ असाच होता. कर्ज थकवणाऱ्याला लावला जाणारा हा शब्द आजारी माणसाला लावताना आपण त्याच्यावर आरोप ठेवत असतो, हे वॉर्डात तो रोज ऐकूनही माझ्या कधी लक्षात आले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये आपल्या व्याख्या सुधारताना हा शब्द वगळला आणि त्याऐवजी ‘पाठपुराव्यातून सुटलेले’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग स्वीकारला, हे मला हा लेख तपासताना कळले.

शब्द बदलून मी थांबले असते, तर लेख वरवर स्वच्छ झाला असता आणि आतून तसाच राहिला असता. कारणांचा तक्ता पुन्हा पाहिला तेव्हा सर्वांत मोठा आकडा ‘इतर’ या रकान्यात दिसला. मग मी परिशिष्टातली प्रश्नावली काढली. तिथे पर्याय होते ते असे: विसर पडला, बरे वाटले, औषधाचा त्रास झाला, गरज वाटली नाही, इतर. केंद्र किती दूर आहे, तिथे जाण्यासाठी दिवसाची मजुरी बुडते का, घरात आणखी कोणी आजारी आहे का, यांपैकी एकही प्रश्न विचारलेला नव्हता. जी कारणे रुग्णाच्या स्वभावात शोधली होती तीच सापडली, आणि ज्यांची उत्तरे त्या चौकटीत बसली नाहीत ती सगळी माणसे ‘इतर’मध्ये गेली.

त्या आठवड्यात बाईंनी आम्हा सर्वांना रुडोल्फ फिर्खो यांच्याविषयी वाचायला सांगितले. 1848 च्या आरंभी अपर सायलेशियात, म्हणजे तेव्हा प्रशिया या जर्मन राज्यात असलेल्या आणि आज मुख्यतः पोलंडमध्ये असलेल्या प्रदेशात, टायफस या उवांमुळे पसरणाऱ्या तापाची साथ आली असताना प्रशियाच्या सरकारने या 26 वर्षांच्या डॉक्टरला पाहणीसाठी पाठवले. त्यांनी अहवालात साथीची मुळे उपासमार, वाईट घरे, शिक्षणाचा अभाव आणि कारभाराची अनास्था यांत दाखवली, आणि उपाय म्हणून शिक्षण, लोकशाही स्वराज्य आणि आर्थिक सुधारणा मागितल्या. त्याच वर्षी त्यांनी रुडोल्फ लॉयबुशर यांच्यासह ‘वैद्यकीय सुधारणा’ अशा अर्थाच्या नावाचे साप्ताहिक काढले, जे सुमारे वर्षभर चालले. दोन्ही संपादक तेव्हा तिशीच्या आतले होते. हे वाचून मला फार बळ आले, कारण विद्यार्थ्यांनी ज्येष्ठांच्या प्रांतात नाक खुपसू नये असे आम्हांला एव्हाना दोन-तीनदा ऐकवले गेले होते.

लेखकाला पत्र लिहिणे हे सर्वांत अवघड काम ठरले. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘आपला निष्कर्ष माहितीशी विसंगत आहे’ असे वाक्य होते. बाईंनी ते वाचून एवढेच सांगितले की, निर्णय देण्याआधी प्रश्न विचार. मी पत्र तीनदा लिहिले. शेवटच्या पत्रात मी विचारले, “‘इतर’ या रकान्यातील व्यक्तींनी मुलाखतीत प्रत्यक्ष काय सांगितले, याच्या नोंदी आपल्याकडे आहेत का?” त्याचे पहिले उत्तर रागाचे होते, आणि ते स्वाभाविकच होते, कारण परीक्षेच्या तोंडावर आम्ही त्याच्याकडे आणखी काम मागत होतो. तीन आठवड्यांनी त्याने कळवले की प्रत्येक फॉर्मच्या समासात त्याने पेन्सिलीने टिपणे केली होती, पण तक्ता भरताना ती वापरायची असतात हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

बाकीची कामे याच काळात चालू होती. परीक्षण करणारे मिळणे कठीण होते. बरेच जण नकार देत, काही उत्तरच देत नसत. लेखक आणि परीक्षक यांची नावे परस्परांना कळू नयेत म्हणून आम्ही लेखावरचे नाव काढत असू, पण फाइलच्या माहितीत ते तसेच राहते, हे एका परीक्षकांनी दाखवून दिल्यावर कळले. दुसऱ्या एका लेखावर, ज्यांनी तो वाचलाही नव्हता अशा विभागप्रमुखांचे नाव लेखक म्हणून घालावे, असा आग्रह आला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकपदासाठी चार अटी घातल्या आहेत: कामात भरीव सहभाग, लेखनात किंवा त्याच्या सुधारणेत वाटा, अंतिम मसुद्याला संमती आणि मजकुराची जबाबदारी. या चारही एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. आम्ही त्या अटी पाठवल्या आणि नाव ऋणनिर्देशात घेण्याची तयारी दाखवली. तो लेख परत घेण्यात आला. मला त्याचे वाईट वाटले, कारण लिहिणाऱ्या विद्यार्थिनीचा त्यात काहीच दोष नव्हता.

क्षयरोगाचा लेख सुधारून आला तेव्हा ‘इतर’ हा रकाना फुटून त्याचे पाच रकाने झाले होते. केंद्र उघडे असते त्याच वेळी कामावर असणे, हे कारण त्यांत सर्वांत वर होते. ‘रजा मागितली तर उद्यापासून येऊ नको म्हणतात,’ हे एका रुग्णाचे वाक्य लेखकाने नाव-गाव न देता जसेच्या तसे घेतले होते. निष्कर्षातून ‘निष्काळजीपणा’ गेला होता आणि केंद्राच्या वेळा बदलण्याची सूचना आली होती.

छपाईच्या आदल्या रात्री मुद्रितशोधन करताना मी तक्त्यातील आकड्यांची बेरीज केली, तर ती एकाने कमी भरली. इतक्या उशिरा लेखकाला फोन करावा की नाही, या विचारात थोडा वेळ गेला, मग केला. त्याने सगळे फॉर्म पुन्हा मोजले आणि अर्ध्या तासाने सांगितले की, एका रुग्णाचा दुसऱ्या मुलाखतीआधीच मृत्यू झाला होता. त्याच्यासाठी नव्या तक्त्यात रकाना नव्हता, म्हणून तो गळला. आम्ही तक्त्यात एक ओळ वाढवली, खाली तळटीप दिली, आणि अंक दोन दिवस उशिरा छापायला गेला.