कावळा आधी की काळ? मला मानवलेल्या प्रोग्रामिंग भाषेचा शोध

वडिलांच्या पश्चात घरात सुमारे चौदाशे मराठी पुस्तके आणि त्यांची एक हस्तलिखित सूची उरली. जुन्या खतावणीच्या वहीत त्यांनी ती वर्णानुक्रमे लिहिली होती. ही सूची संगणकावर आणावी आणि त्यासाठीचा प्रोग्राम स्वतःच लिहावा, असे मी ठरवले. मी हिशेबखात्यात नोकरी करतो. प्रोग्रामिंग हा माझा व्यवसाय नाही, आणि रविवारी सकाळचे दोन-अडीच तास एवढाच वेळ मला त्यासाठी मिळतो. कोणती भाषा शिकावी, हा प्रश्न मी आधी बऱ्याच जणांना विचारला आणि प्रत्येकाने स्वतःच्या नोकरीला उपयोगी पडलेली भाषा सुचवली. त्यांचा हेतू चांगला होता, परंतु मला नोकरी मिळवायची नव्हती.

प्रारंभ मी सीपासून केला, कारण कॉलेजात टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर ती थोडीफार शिकलो होतो. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅबमध्ये घडवलेली ही भाषा अजूनही देखणी वाटते. मात्र 'क्षमा' या शब्दाची लांबी विचारल्यावर तिने १५ असे उत्तर दिले, तेव्हा मी थबकलो. त्या शब्दात क, हलन्ताचे चिन्ह, ष, म आणि काना अशी पाच चिन्हे आहेत, अक्षरे संगणकात साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन एकके, लागतात, आणि सी केवळ बाइट मोजते. तिचे काही चुकले नव्हते. पण चौदाशे पुस्तकांसाठी अक्षरओळखीपासून सगळे स्वतः बांधत बसण्याइतके रविवार माझ्यापाशी नव्हते.

त्यानंतर रस्टकडे वळलो. या भाषेत प्रत्येक मूल्याला एका वेळी एकच मालक असतो आणि मालकी कोणाकडून कोणाकडे गेली याची कडक तपासणी प्रोग्राम चालण्याआधीच होते. आमच्या गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सतरा नावे असल्यामुळे ही कल्पना मला फारच आवडली. चार रविवारांत फाइल वाचून यादी छापण्यापर्यंत मजल गेली. मग दिवाळी आली, पाहुणे आले, वर्षअखेरीची कामे आली, आणि सात आठवड्यांनी तीच फाइल उघडली तेव्हा मीच लिहिलेल्या ओळी मला कळेनात. भाषेत दोष नव्हता, ती रोज हाताखाली असणाऱ्यांसाठी उत्तम आहे. पण माझ्यासारख्याच्या सरावात खंड पडणारच, हे मी निवड करताना लक्षातच घेतले नव्हते. त्या दिवसापासून प्रत्येक भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहायचा, महिनाभर तो बाजूला ठेवायचा आणि मग उघडून पाहायचा, असा नियम मी केला.

गो ही भाषा या कसोटीला बऱ्यापैकी उतरली, कारण तिचे नियम मोजके आहेत. परंतु मला चलांची, म्हणजे प्रोग्राममध्ये मूल्ये ठेवायच्या कप्प्यांची, नावे मराठीत द्यायची होती, आणि तेथे एक मजेदार अडचण निघाली. 'घर' हे नाव तिने स्वीकारले, 'पुस्तक' नाकारले. गोच्या नियमानुसार नावात फक्त अक्षरे, अंक आणि अधोरेखा चालतात, तर युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीच्या, वर्गीकरणात उकार, काना, वेलांटी ही अक्षरे नसून जोडचिन्हे ठरतात. बिनमात्रेच्या शब्दांत किती दिवस संसार करणार?

पायथनकडे मी सर्वांत शेवटी गेलो. जो तो तीच सुचवतो म्हणून मी तिला उगाचच टाळत आलो होतो. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली आणि तेव्हापासून तिच्यात 'पुस्तक' हे चलाचे नाव विनातक्रार चालते. 'क्षमा'ची लांबी तिने पाच सांगितली. पहिल्याच दिवशी मात्र फाइल उघडताना त्रुटीचा संदेश आला, कारण माझ्या लॅपटॉपवर ती फाइल वेगळ्याच संकेतनात वाचली जात होती. उघडतानाच यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहिल्यावर ते मिटले. महिन्याभराने फाइल पुन्हा उघडली तेव्हा दहा मिनिटांत सगळे आठवले.

खरा प्रश्न क्रमवारीचा होता. संगणकाने लावलेल्या यादीत 'काळ' आधी, मग 'कावळा' आणि मग 'काहूर' आले, कारण युनिकोडमध्ये 'ळ'ला 'ल'च्या शेजारी जागा दिलेली आहे. वडिलांच्या वहीत शाळेत शिकवलेल्या क्रमाप्रमाणे 'ळ' हा 'ह'नंतर येतो आणि 'क्ष', 'ज्ञ' अगदी शेवटी. संगणक 'क्ष' 'क'च्या घरात, 'ज्ञ' 'ज'च्या घरात घालत होता, आणि 'ॲ'ने सुरू होणारी नावे थेट 'ह'च्याही पलीकडे टाकत होता, कारण ते अक्षर युनिकोडमध्ये बरेच नंतर आले. शिवाय काही नोंदींत मी 'ॲ' एका चिन्हाने लिहिला होता, तर काहींत 'अ'वर चंद्र देऊन. 'दऱ्या'मधल्या ऱ्याचीही तीच गत होती, दिसायला सारखा पण आतून वेगळा, त्यामुळे शोध घेतला की निम्मीच पुस्तके सापडत.

पायथनमध्ये यावरचा उपाय मला स्वतःला लिहिता आला, आणि माझी निवड तेथेच पक्की झाली. आधी दुहेरी रूपे एकसारखी करून घ्यायची, मग 'क्ष' आणि 'ज्ञ' यांच्या तीन-तीन चिन्हांच्या जागी एकेक खूण ठेवायची, 'ॲ'ला 'अ'च्या लगेच मागे बसवायचे, आणि 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंतच्या वर्णमालेतील स्थान पाहून क्रम लावायचा. सगळे मिळून चाळीसेक ओळी झाल्या. जावास्क्रिप्टमध्ये मराठी वर्णक्रमाची सोय आयती मिळते, हे मला नंतर समजले. घरातल्यांना मोबाइलवर यादी पाहता यावी म्हणून केलेल्या पानासाठी मी तीच वापरली. आधी कळले असते तर कदाचित मी पायथनपर्यंत पोहोचलोच नसतो.

यादी छापून वहीशी पडताळली तेव्हा एकवीस नोंदी जुळल्या नाहीत. चार ठिकाणी माझ्या टंकलेखनाच्या चुका होत्या. उरलेल्या सतरा नोंदी वडिलांनी पानाच्या समासात, बारीक अक्षरात, जागा मिळेल तेथे लिहिलेल्या होत्या.