पाच बोटांचा ठसा

त्या दिवशी माझ्या बर्फाच्या डब्यात रानीखेतची लस होती. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मी पशुसखी म्हणून काम करते. जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या रस्त्याला लागून ज्या वाड्या आहेत, त्यातल्या काही माझ्याकडं आहेत. रानीखेत म्हणजे कोंबड्यांची मानमोडी; ती एकदा शिरली की अख्खी वाडी रिकामी होते, म्हणून पावसाच्या तोंडाला दारोदार जाऊन कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे.

पहिल्याच घरी अंगणात माणसं जमलेली. पोत्यावर सात कोंबड्या ओळीनं ठेवलेल्या, दोन आधीच उकिरड्यावर गेलेल्या. चौदांपैकी नऊ एका रात्रीत संपल्या होत्या. आजी उंबऱ्यावर बसून होती. शेजाऱ्यांचा मोत्या आंब्याच्या बुंध्याला करकचून बांधलेला, आणि त्याच्या तोंडाला पिसं चिकटलेली.

"बघ अक्का, आणि काय पुरावा पायजे?" नातू म्हणाला.

"आमचा मोत्या रातभर पडवीत हुता की," शेजारीण परत परत सांगत होती. तिचं कुणी ऐकत नव्हतं.

नातवाच्या हातात भातावर मारायच्या औषधाची बाटली बघितली आणि माझ्या पोटात गोळा आला. एक मेलेली कोंबडी त्यानं वेगळी काढली होती. तिच्यात औषध घालून ती ओढ्याकडं टाकायची, म्हणजे मोत्याबरोबर वाडीतली बाकीची कुत्रीही जातील, असा त्याचा विचार. मी बाटली मागून घेतली. "आधी मला खुराडं बघू दे. मग बोलू."

खुराडं गोठ्याला लागूनच होतं. तीन बाजूंना चिऱ्याची भिंत, पुढं फळ्यांचं दार, वर मंगळुरी कौलं. दाराची कडी सकाळी लावलेलीच होती, हे आजीनंच सांगितलं. दाराखाली माती उकरलेली नाही, फळीवर नखांचा ओरखडा नाही. कुत्रा कडी काढून आत जाऊन परत कडी लावत नाही. एक कोंबडी हातात घेतली आणि मानेवरची पिसं मागं सारली. डोक्याच्या मागं बारीक, खोल दातांच्या खुणा होत्या, अंग कोरडं. कुत्र्यानं धरलेली कोंबडी लाळेनं भिजलेली असते, पाठीची कातडी सोललेली असते. दोन कोंबड्यांची मुंडकी नव्हती. बाकीच्यांचं मांस जागच्या जागी.

मुंगसाचं नाव कुणीतरी घेतलं. मुंगूस दिवसाचं फिरतं, हे तर रात्री झालेलं. मी वर बघितलं. कोपऱ्यातलं एक कौल सरकलेलं, त्यातून वीतभर आभाळ दिसत होतं. आठवड्याखाली वानरं कौलांवरून उड्या मारत गेली होती, ते आजीला तेव्हा आठवलं. शिडी लावून मी भिंतीच्या माथ्यावर मोबाईलचा उजेड पाडला. उवांसाठी खुराड्यात राख पसरतात, ती उडून माथ्यावरही बसली होती. त्या राखेत ठसे होते. कुत्र्याच्या, मांजराच्या ठशात चार बोटं उमटतात. इथं पाच होती. बाहेर कौलावर विष्ठा, तिच्यात जांभळाच्या बिया नुसत्या भरलेल्या.

उदमांजर. काही जण कांडेचोर म्हणतात. फळांवर जगणारं, पण कोंबडी मिळाली तर सोडत नाही. अंधारात कोंबड्यांना दिसत नाही, त्या बसल्या जागी बसून राहतात आणि आत शिरलेलं जनावर एकीमागून एक मान धरत जातं. मेलेल्यांत गिरिराज जातीच्या जास्त होत्या, अंगानं जड. वाचलेल्या पाचही गावठी, कोपऱ्यातल्या जळणामागं घुसून बसलेल्या.

मग ती पिसं? आजी हळूच म्हणाली, "दोन मीच फाटे टाकल्या उकिरड्यावर. त्यातली एक मोत्यानं उचलली आसंल." शेजारीण डोळ्याला पदर लावून उभी राहिली. नातवानं जाऊन दोरी सोडली, काही बोलला नाही.

कुत्र्यांची बाजू मी घेत नाही. गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या वाडीत तीन कुत्र्यांनी भरदुपारी पंधरा तलंगा मारल्या, तेव्हा शेतभर पिसं पसरलेली आणि खालची जाळी फाडलेली होती. षटकोनी कोंबडीजाळी कुत्र्यापुढं टिकत नाही. तिथं वेल्डची जाळी लागते, आणि तिचा फूटभर पदर बाहेरच्या बाजूला जमिनीवर अंथरून वर दगड दाबावे लागतात, म्हणजे कुत्रा उकरायला लागला की नखं जाळीवर अडतात. पण इथं खाली कितीही जाळी मारली असती तरी त्या नऊतली एकही कोंबडी वाचली नसती. चोर कुठून आला हे न बघता केलेला खर्च मला फार खुपतो. असल्या घरात दोन-चारशे रुपये पण मोठे असतात.

दुपारी कौलांच्या खालून अर्ध्या इंची वेल्डची जाळी ताणून वाशांना ठोकली. जाळी शेजारणीच्या घरातली, मागं उरलेली. ठोकायला नातू आणि तिचा नवरा दोघंही चढले. जांभळीची एक फांदी कौलांवर टेकत होती, ती छाटली. नऊही कोंबड्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या, कुणाला वासही लागू नये म्हणून. उदमांजराला मारायचं नाही, हेही नातवाला सांगितलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते गुन्हा आहे. शिवाय विषाची कोंबडी उदमांजर खाईल की घार, की कुणाच्या घरचं मांजर, हे टाकणाऱ्याच्या हातात राहत नाही.

वाचलेल्यांतल्या एकीच्या पंखाखाली जखम होती. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं धुऊन हळद भरली. लस मात्र त्या दिवशी दिली नाही. भेदरलेल्या, जखमी पक्ष्याला लस द्यायची नसते, आणि कुपी एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. ती तशीच डब्यात ठेवून मी पुढच्या घरी गेले.

दहा दिवसांनी परत गेले. आजीनं दिवेलागणीला दार लावून घ्यायची सवय लावली होती, दाराला दुसरी कडीही आली होती. मी आधी शिडी चढले. कौलावर जांभळाच्या बियांची ताजी विष्ठा पडली होती. खाली उतरून दार उघडलं तर पाचही कोंबड्या बाहेर आल्या, जखमवाली सगळ्यात शेवटी. मी कुपी फोडली.