तुम्ही विचारलंत म्हणून: व्हॅन अजून कायले ठेवली?

लग्नात विचारता, बाजारात विचारता, टपरीवर चहा हातात यायच्या आधी विचारता. "भाऊ, हे व्हॅन अजून कायले ठेवली? इको घेऊन टाका ना." इको म्हणजे मारुतीचीच नवी व्हॅन. मी "पाहू" म्हणतो आणि विषय कापसावर नेतो. आज एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या तेरवीत तरी मला सुखानं जेवू द्याल.

आधी पंधरा वर्षांचं. माझी मारुती व्हॅन 2008 ची. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हे तुम्ही दिल्लीच्या बातम्या पाहून बोलता. तो नियम दिल्ली आणि तिच्या आसपासचा. आपल्याकडं आरटीओत गाडी पास झाली की आरसी पाच वर्षं वाढते. 2023 मध्ये पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर भरून मी ती वाढवून घेतली. नवी नंबरप्लेटही लावली. गाडी खटारा म्हणा, बेकायदा म्हणू नका.

आता पैशाचं. सप्टेंबर 2025 मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, तेव्हापासून तर तुम्हाला जोरच चढलाय. मान्य, स्वस्त झाली. तरी इको पाच लाखांच्या वरच जाते. कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो, कापूस वर्षातून एकदा. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 होता, पण तो पूर्ण मिळायला ओलावा आठ टक्क्यांच्या आत पाहिजे, आणि खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, काय भाव लावतो ते तुम्हाला मी सांगायला नको. उलट आमचा कळंबचा मिस्त्री कापूस विकेपर्यंत थांबतो. बँक थांबते का?

एवढं बोललो की तुमचा जावई हमखास म्हणतो, "पण त्या दिवशी काय झालं होतं?"

तर ते सांगतो. मे महिना होता, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापाचे नऊ दिवस. काकांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सेवाग्रामला न्यायचं होतं. काका समोर बसले, मागं काकू आणि धाकटा भाऊ. सकाळी निघायचं ठरलं होतं, काकूंच्या डब्यापायी अकरा वाजले. रेडिएटर आदल्याच आठवड्यात साफ करून आणला होता, हे आधी लिहून ठेवा. कळंब सोडलं, देवळी यायची होती. या गाडीचं इंजिन समोरच्या सीटखाली असतं, त्यामुळे ते तापलं की काट्याआधी बसणाऱ्याला कळतं. काका एकदा सरकले, दोनदा सरकले, बोलले काही नाही. मग सीटच्या फटीतून वाफ आली. गाडी बाजूला घेऊन सीट उचलली तर पाण्याचा एक बोटभर लांबीचा रबरी पाइप फाटलेला. सगळं पाणी गेलं होतं. ऑइलची दांडी काढून पाहिली, ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, गेलं आणि पाणी ऑइलात शिरलं.

रस्ता मोठा झाला तेव्हा कडेची झाडं गेली, हे तुम्हाला माहीत आहे. सावली म्हणजे व्हॅनचीच, तीही दुपारी हातभर. काका त्या सावलीत पाय आखडून बसले, डोक्याला दुपट्टा. भाऊ मला जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं देवळीपर्यंत ओढत नेलं. तिथून ऑटो करून पोचलो तोवर वेळ टळून गेली होती. ऑपरेशनची तारीख पुढची मिळाली.

त्या तारखेला मी हेड लेथवर घासून, नवं गॅस्केट बसवून, व्हॅन तयार ठेवली होती. काका म्हणाले, "मी येसटीनंच जातो बाप्पा, मले फुकट हाये." पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट आहे, हे खरंच आहे. गाडी बंद पडली त्याआधीही होती. तेव्हा मात्र ते व्हॅननंच यायचे.

नव्या गाडीचा पाइप फाटत नाही का? फाटतो. पण नव्या गाडीवर असा संशय धरून कोणी बसत नाही. आणि खरं सांगायचं तर मला रात्री सतावतं ते वेगळंच. व्हॅनला नाक नाही. समोरून काही आलं तर गुडघे आणि त्या ट्रकच्या मध्ये फक्त पत्रा. सुरक्षेच्या नव्या नियमांत बसेना म्हणूनच कंपनीनं 2019 मध्ये ती बंद केली. याला माझ्याकडं उत्तर नाही.

2008 मध्ये मीच म्हणालो होतो, गाडी म्हणजे औजार, दहा वर्षं वापरायची आणि विकायची. भाऊ तेच वाक्य माझ्या तोंडावर फेकतो. अरे, औजारच आहे, म्हणून तर वापरतोय! डवऱ्याची, म्हणजे तण काढायच्या औजाराची, फास झिजली तर आपण फास बदलतो, डवरा फेकत नाही. त्यावर भाऊ म्हणतो, डवऱ्यात काका बसत नाहीत.

2028 मध्ये पुन्हा पासिंग आहे. वीस वर्षांवरच्या गाडीची फी आता दहा हजार केलीय, म्हणजे तेव्हा पुन्हा हिशेब मांडावा लागेल. शोरूमवाल्यानं एक्स्चेंजमध्ये जो भाव सांगितला त्यात जोडीतला एक बैलही येत नाही. सध्या क्लच घसरतोय. मिस्त्री म्हणतो प्लेट टाकू, भाऊ म्हणतो एक रुपया लावू नको. प्लेट नागपूरहून मागवली आहे. भावाला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.