आमची वाटचाल : स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला आम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा आसपासच्या खेड्यांत कॉम्प्युटर म्हणजे शाळेच्या ऑफिसात कापड टाकून झाकलेली वस्तू. २००१ मध्ये एमएस-सीआयटी ही कॉम्प्युटरची प्राथमिक परीक्षा सुरू झाली आणि पुढे नोकरीसाठी तिचं सर्टिफिकेट लागायला लागलं, तशी पोरं तालुक्याला येऊन कॉम्प्युटर शिकू लागली. त्यातल्याच काहींनी नंतर गावात सेवा केंद्रं उघडली, कोणी कृषी केंद्राची बिलं करू लागलं, कोणी जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात बसलं. आमचं गिऱ्हाईक ते हेच.

मशीन अडलं की ही माणसं सीपीयू पोत्यात गुंडाळून मोटरसायकलवर घेऊन यायची. दिवस मोडायचा, पेट्रोल जायचं, आणि बऱ्याचदा दुरुस्ती पाच मिनिटांची निघायची. त्या पाच मिनिटांचे पैसे घ्यायला माझा हात धजत नसे. म्हणून आधी फोनवर विचारायला सुरुवात केली.

“भाऊ, कम्प्युटर बंद पडला.”
“बंद म्हंजे? लाइट लागते का?”
“लागते ना. पन काहीतरी इंग्रजीत लिहून येऊन राह्यलं.”
“काय लिहून येऊन राह्यलं?”
“ते तं वाचलं नाही, बंद करून टाकलं.”

असे फोन इतके आले की दुकानाची दिशाच त्यांनी ठरवली. नव्या माणसाच्या नेहमीच्या अडचणींची उत्तरं इंटरनेटवर फुकट पडून आहेत. अडतं ते प्रश्न मांडण्यात. ‘कॉम्प्युटर चालत नाही’ असं गुगलला विचारलं तर हाती काहीच लागत नाही. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला तीन गोष्टी कागदावर लिहायला सांगतो. स्क्रीनवर आलेली ओळ जशीच्या तशी, अक्षराला अक्षर. विंडोज कोणतं, विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून ‘विनव्हर’ (winver) टाइप करून एंटर दाबलं की ते दिसतं. आणि काल सगळं चालू होतं, तर त्यानंतर काय बदललं: नवा प्रिंटर, अपडेट, की रात्री लाइन गेली होती? मग ती ओळ अवतरणचिन्हांत टाकून शोधायची, म्हणजे नेमकी तीच शब्दरचना असलेली पानं समोर येतात.

एक उदाहरण मी प्रत्येकाला सांगतो. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आलेली, केंद्रासमोर शेतकऱ्यांची रांग, आणि एकही सरकारी साइट उघडत नाही. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. केंद्रवाला नेटला दोष देतो, दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून पाहतो. पण इशाऱ्याखालचा इंग्रजी कोड वाचला तर त्यात ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ असे शब्द असतात. डेट, म्हणजे तारीख! कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं तर मशीन कितीतरी वर्षं मागे गेलेलं. मदरबोर्डवर सीआर २०३२ ही बटणासारखी बॅटरी असते. ती संपली की लाइन गेल्यावर मशीनला तारीख राहत नाही. साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असतं आणि ब्राउझर ती मुदत मशीनच्या तारखेशी ताडून पाहतो. तारीख दुरुस्त केली की साइट उघडते. किरकोळ किमतीची ती बॅटरी नंतर बदलली तरी चालतं. त्या दिवशी ती ओळ वाचता आली, तर रांगेतला शेतकरी परत जात नाही.

सगळंच शोधून सुटत नाही. जिनिंगच्या ऑफिसातलं मशीन हंगामात आपोआप बंद पडतं, ते रुईचे तंतू पंख्यात अडकून प्रोसेसर तापतो म्हणून. तिथं डबा उघडून साफच करावा लागतो.

मराठी टायपिंगबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये केलेला अर्ज दुसऱ्या मशीनवर उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण तो फॉन्ट तिथं नसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीने टाइप करा, हेच आमचं उत्तर. २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्येच मराठीचा उच्चारानुसार चालणारा कीबोर्ड मिळतो, वेगळं काही उतरवून घ्यायची गरज नाही. विंडोजचे मेनू मात्र इंग्रजीतच राहू द्या, असा माझा आग्रह असतो. शोधलेली बहुतेक उत्तरं इंग्रजीत असतात. बटणाचं नाव जुळलं नाही तर नवा माणूस तिथंच थांबतो.

एका बाबतीत आम्ही फार कडक आहोत. प्रिंटरचा ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून जो पहिला दिसेल त्यावर फोन लावायचा नाही. आमच्या ओळखीच्या एका काकाजींना अशाच नंबरवरच्या माणसाने मशीनचा ताबा देणारं ॲप टाकायला लावलं आणि खात्यातले पैसे गेले. नंबर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा खोक्यावरून घ्यावा. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, तेही कंपनीच्या साइटवरूनच, मॉडेल नंबर पाहून. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवावं. हा नंबर आम्ही प्रत्येक बिलावर छापतो.

‘लोकांना सगळं शिकवलं तर दुकान कसं चालायचं?’ असं घरच्यांनी विचारलं होतं. किरकोळ कामं कमी झाली हे खरंच. पण दोष कागदावर लिहून आणणाऱ्या माणसाचं मशीन लवकर दुरुस्त होतं, आणि हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी टाकायची वेळ आली की तो विश्वासाने इथंच येतो. बचत गटाच्या बायांची शिकवणी माझी बायको घेते. त्या हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात आणि अडलं तर आधी स्वतः शोधतात.

सध्या विंडोज १० बद्दल विचारणारे फोन जास्त येतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेली जुनी मशीनं विंडोज ११ साठी पात्र ठरत नाहीत. नवं घ्यायच्या आधी मशीन तपासून घ्या, असं मी सांगतो. काही मशीनमध्ये टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. ते कसं पाहायचं याचा एक पानी मराठी कागद आम्ही तयार केला आहे. बाजाराच्या दिवशी दुकानात या, कॉम्प्युटर इथून घेतलेला नसला तरी हा कागद मिळेल.