सोमवारची संध्याकाळ, बेंचपाशी

सोमवार. दिवसभर रिपरिप.

सोमवारी संध्याकाळी साडेसहानंतर पुण्यातल्या जिममध्ये बेंच, म्हणजे झोपून छातीवरून बार वर ढकलायचा बाक, मोकळा मिळणं कठीण, बहुतेकांचा छातीच्या व्यायामाचा दिवस. अशा वेळी नुसतं ताटकळू नये. समोरच्याने बार स्टँडवर ठेवला की विचारावं, "दादा, किती सेट राहिले? मध्ये मी मारू का?" जड वजनाला दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती लागतेच, तेवढ्यात दुसऱ्याचा सेट आरामात होतो. प्लेट्स बदलल्या असतील तर त्याच्या होत्या तशा लावून द्यायच्या, बस. सेट चालू असताना मात्र एक अक्षर बोलू नये. उत्तर द्यायला तो श्वास सोडतो, अंगाचा ताठपणा जातो आणि बार वाकडा पडतो.

सपोर्ट देणं, म्हणजे दुसरा बार मारत असताना अडकला तर धरायला मागे उभं राहणं, ही तर जबाबदारीच, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. आधी विचारावं: किती मारणार, आणि बार उचलून देऊ का? मग डोक्यामागे उभं राहून हात बारखाली, पण बारला न लावता. बार कितीही हळू चढत असला तरी चढतोय ना, मग हात लावू नये. ती मेहनत त्याची आहे. अडकला किंवा खाली यायला लागला की लगेच धरायचा, आणि दोन्ही बाजू खोबणीत बसल्याशिवाय सोडायचा नाही. डंबेल असतील तर आधार मनगटाला, कोपराला नाही. कोपर खालून ढकललं तरी हात दुमडतोच, आणि डंबेल थेट तोंडावर येतं.

प्लेट्स उतरवताना एक इकडची, एक तिकडची. एका टोकाला सगळं वजन ठेवून दुसरं मोकळं केलं तर बार उलटतो, स्टँड अरुंद असेल तर फारच लवकर. आणि उतरवायच्या म्हणजे उतरवायच्याच! २०च्या तीन-तीन प्लेट्स दोन्ही बाजूंना सोडून गेलं, तर पुढच्या नवख्या पोराला व्यायामाआधी १२० किलो वाहावे लागतात.

पावसाळ्यात जिमचे बूट पिशवीतून वेगळे आणावेत. टेकडी उतरून तसंच आत आलं की रबरी मॅटवर ओली माती पसरते आणि डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलताना, पाय सरकतो. पेठांतल्या तालमींत चपला बाहेर काढल्याशिवाय कुणी मातीत उतरत नाही. तोच मान या मॅटलाही मिळावा असं मनापासून वाटतं. नॅपकिन दोन हवेत, एक घामाला, एक बेंचवर अंथरायला.

डंबेल परत ठेवताना जोडीने, आकडा दिसेल असं. साडेबाराचं एक पंधराच्या जागी गेलं की घाईतला माणूस न बघता दोन वेगळी उचलतो, आणि ते त्याला कळतं खांदा एकीकडे कलायला लागल्यावर.