एफडीचे दोन टर्बो ठेवायचे असतील तर

माझदाची आरएक्स-7 एफडी घेतली म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, ते सिक्वेन्शियल (एकामागून एक चालू होणारे दोन टर्बो) काढून फेक आणि एक मोठा सिंगल टाक. इथे ऑकलंडमध्ये रोटरी इंजिनवाली (पिस्टनऐवजी फिरता रोटर) पोरं भरपूर, त्यामुळे सल्ल्याला तोटा नाही. चारशेच्या वर हॉर्सपॉवर पाहिजे असेल तर बरोबरच आहे त्यांचं, पण 1.3 लिटरच्या इंजिनला खालच्या आरपीएमला जो जोर मिळतो तो या पहिल्या छोट्या टर्बोमुळेच, आणि मला गाडी रोज चालवायचीये.

आफ्टरमार्केट ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बसवला की लोक लगेच लॅपटॉप उघडतात. राव, आधी बॉनेट उघडा! टर्बोच्या झडपा हलवणाऱ्या तीस वर्षांच्या त्या व्हॅक्यूमच्या नळ्या प्लास्टिकसारख्या कडक झालेल्या असतात. ईसीयूच्या टेस्ट मोडमधून सॉलेनॉइड (नळीतली हवा सोडणारा-अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह) चालू केला तर टिक आवाज येतो आणि आपण खुश, पण ॲक्च्युएटरचा (त्या हवेवर झडप हलवणारा डबा) दांडा जागचा हललेला नसतो. टर्बो कंट्रोलच्या (दुसऱ्या टर्बोला एक्झॉस्ट सोडणारी मोठी झडप) ॲक्च्युएटरला तर एका बाजूने प्रेशर आणि दुसऱ्या बाजूने व्हॅक्यूम, दोन्ही लागतं. आता बूस्टमध्ये (टर्बो हवा दाबत असताना) व्हॅक्यूम कुठून येणार, तर टाकीत साठवलेला. तिथला चेक व्हॉल्व्ह गळत असेल तर ईसीयूच्या मॅपमध्ये (सेटिंगच्या तक्त्यात) कितीही आकडे बदला, काही होत नाही.

ईसीयूचं काम तसं सोपंय. साधारण 4500 आरपीएमला चार्ज रिलीफ (दुसऱ्या टर्बोची हवा सोडून देणारी झडप) बंद, टर्बो कंट्रोल आणि चार्ज कंट्रोल (ती हवा इंजिनकडे जाऊ देणारी झडप) उघडे, सगळे ऑन-ऑफ आउटपुट. फक्त परतीचा आकडा चार-पाचशे खाली ठेवा, नाहीतर वळणावर जरा पाय सैल केला की दुसरा टर्बो चालू-बंद, चालू-बंद.

खरी गंमत प्री-कंट्रोलमध्ये (दुसऱ्या टर्बोला आधीच थोडा एक्झॉस्ट देणारी छोटी झडप) आहे. कंपनीच्या सेटिंगला बूस्ट 10 पीएसआय, मग बदलताना 8, मग परत 10. हा खड्डा कमी करायचा तर दुसरा टर्बो आधीच फिरायला लागला पाहिजे, आणि त्याला एक्झॉस्ट मिळतो तो प्री-कंट्रोलमधूनच. ड्युटी (सॉलेनॉइड किती टक्के वेळ चालू) वाढवली की तो कमी उघडतो, पहिल्या टर्बोचा बूस्ट वाढतो आणि लोकांना वाटतं वा, काय पळतीये, पण दुसरा तिकडे झोपलेलाच, की 4500 ला धाडकन खड्डा. म्हणून मी 3500 नंतर ड्युटी हळूहळू उतरवत नेतो, थोडा बूस्ट गेला तर जाऊ दे.

क्लोज्ड लूप बूस्ट कंट्रोल (बूस्ट मोजून ड्युटी आपोआप बदलणारं) त्या पट्ट्यात बंदच ठेवा, कारण खड्डा दिसला की तो वेस्टगेटची (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) ड्युटी चढवत बसतो आणि दुसरा टर्बो आला की वर उसळी. पिस्टनवाल्या गाडीत कदाचित निभावेल, रोटरीत एक नॉक (इंधनाचा अवेळी स्फोट) आणि एपेक्स सील (रोटरच्या टोकाची पट्टी) गेलं. आणि हो, 850 सीसीचे सेकंडरी इंजेक्टर (जास्त लोडला चालू होणारा इंधनाचा दुसरा संच) नेमके त्याच आरपीएमला चालू होणार नाहीत असं बघा, दोन्ही एकत्र आले तर धक्का कशाचा हे लॉग (ईसीयूने केलेली नोंद) बघूनही कळत नाही.

हे सगळं उन्हाळ्यातल्या दुपारी जुळवलं असेल तर थंडीत रात्री परत एकदा लॉग घ्या. थंड हवेत तीच ड्युटी जास्त बूस्ट देते, त्यात एक्झॉस्ट मोकळा केलेला असेल तर कंपनीचा वेस्टगेट पुरत नाही आणि बूस्ट आपोआप वर सरकत जातो. तोवर बूस्ट कट (बूस्ट ठरल्यापेक्षा वाढला की इंजिनची ताकद तोडणारी मर्यादा) आवळूनच ठेवा.