तालमीआधीचा अर्धा तास

पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकासाठी आमच्या महाविद्यालयाच्या एकांकिकेत माझी निवड झाली, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस संहितेतले एकही वाक्य आम्हाला बोलू दिले नव्हते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून भरवत असलेल्या या स्पर्धेच्या तालमी ऐन पावसाळ्यात असतात आणि दमट हवेत, अपुऱ्या झोपेत गळा बसायला वेळ लागत नाही. त्यामुळे तालीम घेणाऱ्या ताईचा आग्रह असे, की अंग मोकळे झाल्याशिवाय आवाज लावायचा नाही.

घोटे, गुडघे, कंबर आणि खांदे सैल करून आम्ही जबड्याकडे वळत असू. तळहात गालांवरून खाली ओढत जबडा आपल्या वजनाने सुटू द्यायचा. हा व्यायाम मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण घाबरलेला नट नकळत दात आवळतो आणि शब्द तोंडातच अडकतात.

त्यानंतर उताणे पडून, गुडघे दुमडून, पोटावर हात ठेवून श्वास घ्यायचा. खांदे उचलून घेतलेल्या श्वासाने मानेचे स्नायू ताणले जातात. उलट खालच्या बरगड्या बाजूंना पसरल्या, श्वासपटल खाली उतरले, की तोच श्वास लांब वाक्यालाही पुरतो. मराठीत क्रियापद आणि नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. दम तिथे संपला तर ‘मी येणार नाही’ यातला ‘नाही’च शेवटच्या रांगेला ऐकू जात नाही.

आवाजाची सुरुवात मिटल्या ओठांच्या हुंकाराने आणि ओठ फुरफुरवण्याने होई. साधे बोलतानाही स्त्रीच्या स्वरतंतूंची सेकंदाला सुमारे २०० कंपने होतात; त्यांना तयारीविना ओरडायला लावणे मला क्रूरपणाच वाटतो. प्रयोगाच्या तोंडावर घटाघटा प्यायलेले कोमट पाणी अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंना थेट लागत नाही, म्हणून पाणी दिवसभर थोडेथोडे पीत राहायचे आणि खाकरण्याऐवजी आवंढा गिळायचा, हेही अंगवळणी पडले.

उच्चारांसाठी वर्णमालेसारखे साधन नाही. क, च, ट, त, प असे वर्ग ओळीने म्हटले की उच्चाराची जागा कंठापासून ओठांपर्यंत सरकत येते आणि सगळे तोंड कामाला लागते. त्याला जोडून ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ आधी संथ, मग जलद म्हणायचे. वेग वाढला तरी ‘ळ’चा ‘ल’ होता कामा नये.

भरत नाट्य मंदिरात स्पर्धेच्या दिवशी रंगमंचावर दुसऱ्या संघाचा प्रयोग चालू असल्याने आमची सगळी तयारी हलक्या हुंकारावरच भागवावी लागली. बाहेर ‘आव्वाज कुणाचा’च्या घोषणा घुमत होत्या, पण आम्हा नटांना त्यांत सामील होण्याची सक्त मनाई होती. प्रयोग संपल्यावरही वरच्या स्वरातून हळूहळू खाली येणारा हुंकार करून, थोडा वेळ गप्प राहूनच आम्ही बोलायला लागलो. दोन दिवसांनी पुढची तालीम होती आणि एकाचाही गळा बसलेला नव्हता.